इटलीकरांची नोंद

ईशान, मीरा, गेल्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही विचारलंत की आजी, तू ऑफिसात नक्की काय करायचीस. मी म्हटलं, जुने कागद शोधायचे. मीराने विचारलं, हरवले होते का? मी म्हटलं, नाही, जागेवरच होते. मग शोधायचे कशाला, असं ईशान म्हणाला आणि तेवढ्यात नेट गेलं. प्रश्न बरोबर होता. आमच्या इथल्या दिवाळी अंकाचे संपादकही दोन वर्षं मागे लागले आहेत की बाई, नोकरीतलं काहीतरी लिहा. तेव्हा दोघांनाही एकच उत्तर देते. तुम्हाला हे तुमची आई वाचून दाखवेल. अडलात तर तिला विचारा, तिलाही अडलं तर मला.

माझी नोकरी तालुक्याच्या कचेरीत झाली आणि तिची शेवटची अठरा वर्षं तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये. एक लांबट खोली, लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर लाल कापडात बांधलेली गाठोडी. त्या कापडाला आम्ही रुमाल म्हणतो. एकेका गावाचा एकेक रुमाल. गाठ सोडली की आत त्या गावचे जमिनीचे, शेतसाऱ्याचे आणि जन्ममृत्यूचे कागद. जन्ममृत्यूच्या वहीचं सरकारी नाव गाव नमुना चौदा. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात, कारण कोतवालाकडे आलेल्या खबरीवरून ती लिहिली जायची. घरात मूल जन्मलं किंवा कुणी गेलं की घरातल्या माणसाने कोतवालाला जाऊन सांगायचं. याला खबर देणं म्हणतात. मग तारीख, बापाचं नाव, आईचं नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि शेवटच्या रकान्यात खबर देणाराचं नाव. मुलाचं नाव नसायचंच, कारण बारसं व्हायच्या आत नोंद होऊन जायची. आमच्या तालुक्यातली कितीतरी माणसं कागदावर अजून नुसती ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आहेत.

जुन्या वह्या मोडी लिपीत आहेत. मोडी म्हणजे मराठीच, पण सहसा हात न उचलता लिहिलेली. आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचं. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, लग्न होऊन कर्जतला आलेली. कचेरीत मला ‘इंग्रजीवाल्या बाई’ म्हणत आणि येईल ते इंग्रजी पत्र माझ्या टेबलावर आणून टाकत. मोडी मला एका निवृत्त कारकुनांनी शिकवली. ते म्हणायचे, इंग्रजीला स्पेलिंग पाठ असावं लागतं, मोडीला माणूस ओळखीचा असावा लागतो. मला तेव्हा ते नुसतं चमकदार वाक्य वाटलं होतं.

माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. कुणाला जातीचा दाखला हवा, कुणाला वारसाचा, कुणाला निवृत्ती दोन वर्षं पुढे ढकलायची. एकदा डोंगराकडचा एक शेतकरी आला. चुलतभावाचं आणि त्याचं नाव एकच, त्यामुळे चुलतभावाच्या मृत्यूच्या दाखल्यावर लोकांनी यालाच मेलेला ठरवला होता. समोर बसून म्हणाला, “बाई, मी मेलोय म्हनतात. कशानं मेलो तेवढं बघा.” मी वही उघडून वाचलं, ताप. तो जरा विचार करून म्हणाला, “मंग बरा झालो आसंन.”

आणि एक जून. तुमच्या देशात हे कुणाला सांगितलंत तर खरं वाटणार नाही, पण आमच्या पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, भाताची कापणी चालली होती तेव्हाचा. शाळा जूनमध्ये सुरू होई. गुरुजी पोराकडे बघत, वय अंदाजे धरत आणि एक जून लिहून मोकळे होत. कुणाचं काही बिघडत नसे. एका बाईचं मात्र बिघडलं होतं, तेच सांगायचं आहे.

पण त्याआधी माझी एक चूक सांगते. रेकॉर्ड रूममध्ये नवी असताना ठमाबाई नावाची एक म्हातारी वयाचा पुरावा मागायला आली. निराधारांच्या पेन्शनसाठी तो लागत होता. मी तिच्या बापाच्या गावच्या तीन वह्या पानन्‌पान बघितल्या आणि सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, नोंद आढळून येत नाही. ती म्हणाली, “नाय ना? मंग नसंन,” आणि कागद पदराच्या टोकाला बांधून गेली. दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणाचं काही शोधताना, दुसऱ्याच गावच्या वहीत, ती मला भेटली. बाप तोच, आई तीच, साल जुळत होतं. ते तिच्या आईचं माहेर होतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मूल जिथे जन्मेल तिथे नोंद. मी स्वतः आजोळी जन्मलेली, आणि मला हे सुचलं नव्हतं. निरोप पाठवला. निरोप्या परत आला तो ठमाबाई गेल्याचं सांगत. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: तुम्ही कितवे? पहिले असाल तर आईचं माहेर कुठलं?

जिचं बिघडलं होतं ती बाई म्हणजे शैलाताई. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. रेकॉर्ड रूम आता नसरीन बघते. इथल्याच एका व्यापारी घरातली मुलगी, माझ्या हाताखाली तयार झाली. मोडी अडली की ती अजून मला बोलावते. तिनेच यांना माझा पत्ता दिला होता. शैलाताई खोपोलीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, नवरा गेलेला. त्यांनी चहा नको म्हटलं, फाईल मांडीवर ठेवली आणि रेशनकार्ड मागावं तशा आवाजात म्हणाल्या, “मला इटलीचं नागरिकत्व हवंय. म्हणजे ते माझ्याकडे आहेच म्हणतात. फक्त सिद्ध करायचंय.”

त्यांच्या आईचे वडील इटलीतले. नाव पिएत्रो बरेत्ती. तोरिनोच्या वरच्या डोंगरातल्या एका खेड्यात जन्मले. तिकडेही डोंगरावरून पाणी खाली आणून वीज करत, आणि तेच काम शिकून तो तरुण फिटर दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच आधी खोपोलीच्या वीजघराच्या कामावर आला. घाटातून उतरणाऱ्या लोखंडी नळांचे सांधे जोडायचं काम. खोपोलीत त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. पिएत्रोचे पित्रे झाले, आणि ‘पित्रेसाहेब’ म्हणूनच ते शेवटपर्यंत राहिले. कर्जत तालुक्यातल्या पाथरवाडीची सोना ही शेतकऱ्याची मुलगी त्या कामावर माती वाहायला येत असे. दोघांनी मुंबईला जाऊन लग्न केलं. त्यांची पहिली मुलगी लक्ष्मी. ती शैलाताईंची आई.

इटलीचा कायदा मी तेव्हा पहिल्यांदा वाचला आणि अक्षरशः थक्क झाले. तो म्हणतो, इटालियन बापाचं मूल जगात कुठेही जन्मलं तरी इटालियनच. कुणी द्यायची गरज नाही, ते रक्तातून येतं, आणि त्या मुलाकडून त्याच्या मुलाकडे जातं. कुणी मागायला आलंच नाही तरी ते असतंच. फक्त एका ठिकाणी धागा तुटू शकतो. बापाने दुसऱ्या देशाची शपथ घेतली की तो इटालियन उरत नाही, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलाला मग काही मिळत नाही. जन्म आधी आणि शपथ नंतर, तर धागा अखंड. शपथ आधी आणि जन्म नंतर, तर सगळं संपलं. (आता तिकडचे नियम फार कडक झालेत असं ऐकते. ही गोष्ट त्याच्या आधीची आहे.)

पित्रेसाहेबांनी इथेच राहायचं ठरवलं आणि इंग्रज सरकारच्या प्रजेत नाव घातलं. ते प्रमाणपत्र ट्रंकेत जपून ठेवलेलं होतं. शपथ फेब्रुवारीतली. आणि लक्ष्मीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती त्याच वर्षाचा एक जून.

शैलाताईंनी दोन्ही कागद माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. चार महिन्यांच्या फरकाने सगळं तुटत होतं. त्या म्हणाल्या, एक जून खोटा आहे हे मलाही कळतं, मी स्वतः शाळेत कितीजणांचे एक जून बघितलेत. पण खरी तारीख कुठली? आई गेली, आजी गेली. मुंबईच्या वकिलातीत दोन वर्षांनी माझा नंबर लागलाय. दोन महिन्यांनी बोलावलंय. तेव्हा जन्माची नोंद नसेल तर पुन्हा नंबर लावायचा, आणि मी किती वर्षं पुरणार?

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी उठता उठता सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी तोरिनोतच नर्स आहे. तिची सहा वर्षांची लेक जन्मापासून ऐकू शकत नाही. ती पोर हातांनी बोलते, आणि आईखालोखाल तिच्याशी तसं बोलणारं घरात एकच माणूस, ते म्हणजे शैलाताई. त्या साठाव्या वर्षी ती हातांची भाषा शिकल्या होत्या. पण पाहुणीच्या व्हिसावर नव्वद दिवस राहता येतं, मग परत यायचं. आईला कायमचं बोलावण्याचे नियम मुलीच्या पगारात बसत नव्हते. “मी नव्वद दिवसांची आजी आहे हो,” त्या म्हणाल्या. “दर वेळी विमानतळावर ती पोर दोन्ही हातांनी मला विचारते, पुन्हा का.”

मुलांनो, तुम्ही मला वर्षाकाठी किती दिवस भेटता ते मी कधी मोजत नाही. मोजायचं नाही असं मी ठरवलेलं आहे.

आम्ही कामाला लागलो. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. शैलाताई म्हणाल्या, आई पहिलीच, पण आजीला माहेर नव्हतं. परजातीच काय, परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून आजीच्या वडिलांनी तोडून टाकलं, मरेपर्यंत तोंड बघितलं नाही. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. मी ते लिहून घेतलं आणि माहेरावर काट मारली. घराने सांगितलेली गोष्ट होती, ती मी खरी मानली.

म्हणजे उरलं खोपोली. ते खालापूर तालुक्यात, त्यामुळे वह्या तिकडच्या कचेरीत. तिथल्या लोकांनी आम्हाला बसायला जागा दिली, रुमाल काढून दिले. तीन आठवडे शैलाताई आणि मी रोज जायचो. बरेत्ती, बरेटी, बर्वे, पित्रे, पेद्रू, जे जे सुचेल ते शोधलं. खोपोलीची पाच वर्षं बघितली, आजूबाजूची गावं बघितली. काही नाही. संध्याकाळी परत येताना मला ठमाबाईच्या पदराची गाठ दिसायची.

अशाच एका दिवशी मानेला रग लागली म्हणून मी मान चोळत होते. शैलाताई म्हणाल्या, थांबा, मी करते, आणि त्यांनी अंगठ्याने असं काही दाबलं की मला बरं वाटलं. मी विचारलं, कुठे शिकलात? त्या म्हणाल्या, आजीकडून. आजी आम्हा सगळ्यांची अंगं रगडायची. म्हणायची, माझ्या आयशीनं मला सव्वा महिना शेक दिलाय, मला कळतं कुठं दाबायचं.

मी विचारलं, “कुणी शेक दिला?”

“तिच्या आईनं.”

“सव्वा महिना शेक बाळंतिणीला देतात, शैलाताई. तो कुठे दिला?”

त्या चाळीस वर्षं ते वाक्य ऐकत आल्या होत्या, आणि मी तीन आठवडे त्या आजीची गोष्ट ऐकत होते. बापाने तोडलं होतं. आई काय करत होती हे कुणी विचारलंच नव्हतं.

पाथरवाडीचा रुमाल कर्जतच्या रेकॉर्ड रूममध्ये, डाव्या हाताच्या तिसऱ्या मांडणीत असतो. अठरा वर्षं मी तो दर पावसाळ्यानंतर उन्हं दाखवून परत बांधत होते. दुसऱ्या दिवशी नसरीनने तो उतरवला. तीन आठवडे वाचून माझे डोळे शिणले होते, म्हणून वाचायला तीच बसली. शपथेच्या आदल्या वर्षाची वही. कार्तिकातली पानं. नसरीन रेघेवर बोट ठेवून अक्षर अक्षर सोडवत होती.

“मुलगी. आईचं नाव सोना. बापाचं नाव… पित्रे… साहेब… इटलीकर.” तिने मान वर केली. “मॅडम, हे इटली कुठलं गाव? आपल्या तालुक्यात नाहीये. पेणकडे आहे का?”

शैलाताईंनी तोंडावर हात धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं.

आपल्याकडे आडनाव गावावरून पडतं. पेणचा तो पेणकर, चौलचा चौलकर. कोतवालाने विचारलं असणार, जावयाचं आडनाव काय. सांगणाराला ते माहीत नव्हतं. कुठून आला एवढं माहीत होतं. म्हणून इटलीकर. जातीच्या रकान्यात कोतवालाने लिहिलं होतं, ‘साहेब’. तारीख नोव्हेंबरातली. शपथेच्या तीन महिने आधीची.

“पुढे वाच,” मी नसरीनला म्हटलं. “खबर कुणी दिली?”

तिने वाचलं, “राघो बिन जानू, राहणार मौजे मजकूर, मुलीचा आजा.” म्हणजे याच गावचा, जानूचा मुलगा राघो. आणि त्यापुढे शाईने काढलेलं एक छोटं चित्र. लिहिता न येणारी माणसं पूर्वी सहीच्या जागी आपली निशाणी काढत. शेतकरी नांगर काढी, बाई बांगडी काढी. हा नांगर होता. तिरका, घाईत काढलेला, पण त्याचा फाळ नीट दिसत होता.

राघो म्हणजे सोनाचा बाप. ज्याने मरेपर्यंत तोंड बघितलं नाही तो.

शैलाताई त्या नांगराला हात लावायला गेल्या आणि मी नियमाप्रमाणे त्यांना थांबवलं. मग नियम सोडून दिला.

पण एवढ्याने काम होत नव्हतं. इटलीच्या कागदांवर पिएत्रो बरेत्ती आणि आमच्या वहीत पित्रेसाहेब इटलीकर. हे दोघे एकच, हे परक्या माणसाला पटायला हवं. लग्नाच्या कागदावर सोनाचं, तिच्या बापाचं आणि गावाचं नाव होतं, तो मोठा आधार. जोडीला त्या घरातल्या कुणाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. म्हणून आम्ही दोघी पाथरवाडीला गेलो. राघोचा नातू काशिराम अजून आहे, ऐंशीच्या पुढचा. ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होता. शैलाताईंनी आपण कोण ते सांगितलं. त्याने हातातली शेंग सोलून पुरी केली, मग म्हणाला, “सोनाआत्याची नात तू? मंग हुंबऱ्यात का उबी ऱ्हायलीस गं? ये की आत.”

त्याच्या सुनेने पाणी आणलं. मी वहीतली नक्कल वाचून दाखवली. त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्याने सांगितलं ते असं. सोनाचे दिवस भरत आल्याचं कळल्यावर राघोच्या बायकोने नवऱ्याला न विचारता बैलगाडी जुंपून खोपोलीला पाठवली. सोना आली त्या दिवशी राघो घोंगडी उचलून खळ्यावर गेला. भाताची झोडणी चालू होती, निमित्त होतं. ती गावात होती तोवर तो घरात आला नाही. जेवण खळ्यावर जायचं. लेकीचं तोंड बघायचं नाही असं बोलून बसला होता, आणि बोललेलं मोडणारा तो नव्हता.

“पन पोर झाली तवा कोतवाल नदीपल्याड ऱ्हायचा,” काशिराम म्हणाला. “घरात दोन भाव होते तिचे. कुनीबी गेला आसता. म्हातारा म्हनला, खबर मी देनार. चालत गेला. परत आला नि पुन्ना खळ्यावर जाऊन बसला. आमची आजी त्याला आयुष्यभर टोमना मारायची, पोरीचं तोंड बघायला डोळं नव्हतं, नि चावडीवर सांगाया तोंड बरं होतं.”

शैलाताईंनी विचारलं, का गेले असतील?

काशिरामाने शेंगांची टोपली बाजूला सरकवली. “आता ते मी काय सांगू, बाय? खबर दिली नाय तर मानूस कागदावर ऱ्हात नाय. तेवढं त्याला कळत हुतं.”

परतताना गाडीत मी त्या माणसाचा विचार करत होते. लेकीशी त्याने अबोला धरला, तो पाळला, आणि तो अबोला तिच्या लेकीपर्यंत मात्र जाऊ दिला नाही. नुसती नोंद केली असती तरी चाललं असतं. त्याने जावयाला आडनाव दिलं, आणि तेही आपल्याकडे जसं देतात तसं. एका शब्दात तो माणूस कोकणातल्या कुठल्याही कर-वाल्यांच्या पंक्तीला बसला. आणि त्याच शब्दात तो कुठून आला हेही लिहून राहिलं. वकिलातीला नेमकं तेच हवं होतं, आणि राघोला वकिलात म्हणजे काय तेही माहीत नव्हतं.

नोंदीचं इंग्रजी भाषांतर मी केलं आणि सोबत एक खुलाशाचं टिपण लिहिलं. कचेरीत आयुष्यभर इंग्रजी पत्रं लिहिली, पण दीड पानाच्या या टिपणाला मला चार दिवस लागले. ‘कर’ म्हणजे काय ते लिहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी का होतं ते लिहिलं. एक जून म्हणजे काय ते लिहिलं, आणि ते लिहिताना मला पहिल्यांदाच गुरुजींची थोडी लाज वाटली. जातीच्या रकान्यातल्या ‘साहेब’चं काय करावं हे कळेना. शेवटी शब्द तसाच ठेवला आणि खाली लिहिलं की या गावात तेव्हा परक्या गोऱ्या माणसाला असं म्हणत. नांगराचं भाषांतर करायचं नसतं. त्या जागी कंसात लिहिलं, नांगराची निशाणी.

वकिलातीतल्या बाईंनी शाळेचा दाखला आणि ही नोंद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं, असं शैलाताईंनी सांगितलं. मग विचारलं, तुमच्या आईला दोन वाढदिवस कसे? शैलाताई म्हणाल्या, एक सरकारचा आणि एक तिचा. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझं टिपण पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

पुढे बरेच महिने काही कळलं नाही. मग एका दुपारी शैलाताई पेढे घेऊन आल्या. या वेळी चहा घेतला. जाताना वाकून नमस्कार करायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, मला नको, तिसऱ्या मांडणीला करा. आता त्या तोरिनोत असतात. मधूनमधून फोटो पाठवतात. परवाच्या फोटोत ती मुलगी दोन्ही हातांनी काहीतरी सांगते आहे. मला ती भाषा येत नाही, पण ‘पुन्हा का’ असं ती विचारत नाहीये एवढं चेहऱ्यावरून समजतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कागद जागेवरच असतात. ते कुठल्या जागेवर आहेत हे ज्याला त्याला आपल्या घरातून शोधत यावं लागतं.

आणि एक गोष्ट, जी मी तुमच्या आईलाही सांगितलेली नाही. मुग्धा, तू मेलबर्नला नागरिकत्वाची शपथ घेतलीस तेव्हा तू मला व्हिडिओवर बघायला बोलावलं होतंस. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे. दूध नव्हतं. तुझा इथला पासपोर्ट रद्द होऊन आल्याचं तू सांगितलंस, तेव्हाही मी विषय बदलला. मीही खळ्यावर जाऊन बसले होते. राघो निदान चालत जाऊन खबर देऊन आला.

ईशान, तू पहिला. तुझी आई बाळंतपणाला इथे आली होती. कर्जतच्या दवाखान्यात तुझ्या जन्माच्या फॉर्मवर माहिती देणाराच्या रकान्यात माझी सही आहे. कधी लागली तर तिथे शोध. मीरा, तू दुसरी, आणि तिकडे जन्मलीस. तुझी खबर मला फोनवर कळली. मी ती ऐकून घेतली आणि पुढे कुठेच दिली नाही. म्हणून ती इथे देते. छापील आहे, टिकेल.

मुलगी. आईचं नाव मुग्धा. बापाचं नाव समीर, आडनाव मेलबर्नकर. खबर देणार, मुलीची आजी, राहणार कर्जत. सही येते, तरी निशाणी बांगडी.